डॉक्टरांनी सांगितलेली शिट्टी

"शिट्टी मारता येते का गं तुला?" कुरणेबाईंनी विचारलं.

मी आप्पांकडं बघितलं. आप्पांनी छताकडं बघितलं. मिरजेच्या त्या दवाखान्यात व्यायामाची खोली म्हणजे एक टेबल, एक आरसा, आणि भिंतीवर कातडं सोललेल्या तोंडाचं चित्र. ते चित्र बघून आई कधीच बाहेर व्हरांड्यात जाऊन बसली होती.

"अगं, तुलाच विचारतेय. शिट्टी. अशी." कुरणेबाईंनी ओठांचा चंबू केला आणि लांबलचक शिट्टी मारली. अंगावर पांढरी साडी, कपाळाला ठसठशीत कुंकू, गळ्यात मंगळसूत्र, आणि बाई जत्रेतल्या टग्यासारखी शिट्टी मारतेय! आप्पा ताडकन उठले.

"बाई, आमी घरंदाज माणसं हाय. आमच्यात पोरी शिट्ट्या मारत न्हाईत."

"बरं. मग तुमच्यात पोरींच्या तोंडातनं लाळ गळते का?"

आप्पांनी माझ्याकडं बघितलं आणि लगेच मान फिरवली. माझ्या हनुवटीवरनं लाळ ओघळत होती आणि मला पत्ताच नव्हता. ओठाचा डावा कोपरा मेल्यासारखा झाला होता. तिथं माशी बसली तरी मला ती आरशातच दिसायची. कुरणेबाईंनी रुमाल माझ्या हातात दिला, पुसायला नव्हे, पुसायचं ध्यानात ठेवायला.

"नस तुटलेली नाही, दबलीय," त्या म्हणाल्या. "परत जागी होईल. पण नुसतं बसून कुणी जागं होतंय होय? गाल फुगवायचे, फुंकर मारायची, तोंडात पाणी धरायचं आणि शिट्टी मारायची. शिट्टी वाजली की समजायचं, ओठ आला."

एसटीनं आम्ही विट्यापर्यंत आलो. स्टँडवर उतरल्यावर आप्पा म्हणाले, "त्या बाईचं बाकी समदं कर. त्येवढं शिट्टीचं करायचं न्हाई."

आता तुम्हाला मागचं सांगते, म्हणजे नीट कळेल. त्या साली वैशाखात माझी सुपारी फुटली होती. मुलगा जालिंदर, येरळा नदीच्या पलीकडच्या गावचा. चार एकर बागायत, घरात आई आणि तो, दोघंच. मला बघायला आले तेव्हा मी चहाची कपबशी देताना हसले होते. कशाला हसले, ते काय आता आठवत नाही, तेव्हा मी कशालाही हसायची. त्याची आई अनसाबाई म्हणाली होती, "पोरगी हसरी हाय. घर भरल्यासारकं वाटंल." त्या हसण्यावर लग्न ठरलं म्हणा ना.

आणि मग हापसा. आमच्या गावचा हापसा म्हणजे खोल बोअरचा, दांडा खाली दाबताना सारं अंग टाकावं लागायचं. हात ओले होते, दांडा खालच्या टोकाला असताना निसटला आणि उसळून माझ्या जबड्यावर बसला. आवाज काय तो मलाच ऐकू आला. जबडा दोन ठिकाणी मोडला, गालाचं हाड आत बसलं, वरचा ओठ फाटला, दोन दात चिखलात पडले. माझ्या पाठची सिंधू, तिनं ते दात चिखलातनं शोधून धुऊन ओच्यात बांधले आणि मिरजेला डॉक्टरांपुढं सोडले. "ह्ये परत बशिवता येत्याल न्हवं?" डॉक्टर हसले नाहीत, एवढं खरं. सिंधू तशी होती. माझ्यासाठी जीव टाकायची. हे आत्ताच सांगून ठेवते, मागाहून मी सांगितलं तर तुम्ही म्हणाल, ही आता शहाणपणा करतेय.

डॉक्टरांनी हाडाला आतनं पट्ट्या बसवल्या आणि वरचे दात खालच्या दातांना तारेनं करकचून बांधून टाकले. तार होती तोवर डाळीचं पाणी, ताक, पेज, सगळं नळीनं. बोलायचं ते दातांच्या फटीतनं. तेव्हा एकदा जालिंदर आला. एकटाच, आईला न सांगता. पिशवीत मोसंबी होती. माझं तोंड बघितल्यावर त्याला कळलं, की हिला फोड काही खाता यायची नाही. मग तो खाली बसला, बशीत मोसंबी पिळली, बिया बोटानं काढल्या आणि वाटीत नळी घालून माझ्यापुढं धरली. मी पिताना रस ओघळायला लागला तसं त्यानं तोंड खिडकीकडं केलं. किळस आली म्हणून नव्हे, मला लाज वाटू नये म्हणून. बाईमाणसाला एवढं कळतं. त्याच दिवशी मी मनानं त्याच्या घरी नांदायला गेले. बाकी सगळं पुढं नुसतं अंगाला झालं.

तार निघाल्यावर अनसाबाई घरी आली. मी खाटेवर बसलेली. तिनं माझी हनुवटी बोटानं धरून उजेडाकडं फिरवली, बाजारात बैलाचं तोंड बघतात तशी.

"हास बगू."

मी हसले. म्हणजे उजवी बाजू हसली.

"अगाई!" ती म्हणाली आणि हात पदराला पुसला. मग आप्पांकडं वळून म्हणाली, "हे बगा पाव्हणं. आमी शब्दाला जागणारी माणसं हाय. तुळशीच्या लग्नापत्तर थांबतो. पण आमी हसती पोरगी बगितली हुती, वाकडी न्हाई. जशी दावली हुती तशी करून द्या. न्हाई जमलं तर तुमचा नारळ तुमाला, आमची साडी आमाला."

आई तिच्या पाया पडली. आप्पांनी मान डोलावली. मला कुणी काही विचारलं नाही. तोंड मोडलेल्या माणसाला विचारून तरी काय उपयोग, म्हणतील!

मग सुरू झाले हाल. तोंड जेमतेम एक बोट उघडायचं. कुरणेबाईंनी सांगितलेलं, आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक ठेवून दातांत धरायच्या आणि मधे आणखी एक सरकवायची. काड्या सिंधू स्टँडवरनं वेचून आणायची, उकळून घ्यायची आणि माझ्या तोंडात सारायची. ती नवी काडी आत जायची तेव्हा कानाच्या मुळापासून कळ निघायची. मी तिच्या झिंज्या धरायची, शिव्या द्यायची, एकदा तर लाथ घातली. ती हलायची नाही. "दे शिव्या, आक्का. शिव्या देतानाबी तोंड उघडतंच की." असं म्हणून आणखी एक काडी. आई दारात उभी राहून रडायची आणि रडतारडता म्हणायची, "घाल गं सिंधे, घाल. तुळस जवळ आली."

गाल फुगवायला आले. फुंकर आली, आधी वाकडी, मग सरळ. पाणी तोंडात राहायला लागलं. भाकरी चावताना जबडा कटकट वाजायचा, पण चावायला लागले. हसणं मात्र अर्ध्यावरच अडकलेलं. वरचा ओठ डावीकडं उचलायचाच नाही. मिरजेला गेलो की कुरणेबाई विचारायच्या, "शिट्टी?" आप्पा बाहेर उभे असायचे. मी मान हलवायची. "शिट्टीशिवाय हा ओठ यायचा नाही. घरच्यांना सांग, औषध आहे म्हणून. औषधाची कसली लाज?"

मी सिंधूला सांगितलं. सिंधूचे डोळे चमकले. "आगं, मला येती की!" ज्वारीच्या दिवसांत रानातल्या माळ्यावर बसून पाखरं राखायची ती, तिथंच शिकलेली. दोन बोटं तोंडात न घालता, नुसत्या ओठांनी, अशी की दोन रानं ओलांडून जावी. आमच्यात पोरींनी शिट्टी मारली की घरातली लक्ष्मी उठून जाते म्हणतात. रानात लक्ष्मी कुठली? तिथं चालून जायचं.

मग आम्ही गोठ्याच्या मागं, आप्पा रानात गेले की. आरसा भिंतीच्या खुंटीला. सिंधू माझ्या शेजारी उभी राहायची, ओठांचा चंबू करायची, मारायची शिट्टी. मी तिचे ओठ बघायची आणि तसंच करायची. माझी नुसती हवा. फूऽऽ. ती परत मारायची. मी परत फूऽऽ. "जीभ खाली दाब, आक्का. आता डावीकडं बोटानं धर. आता सोड." परत तिची खणखणीत, परत माझी हवा.

शेजारच्या गोदाकाकूनं परसातनं विचारलंच. "काय गं वैनी, कोण शिट्ट्या मारतंय तुमच्यात?"

"रेडू हाय," आई म्हणाली.

"बया! रेडूला काय रोज दुपारचं तेवढंच गानं येतंय व्हय?"

गोदाकाकूची थोरली लेक अनसाबाईच्याच गावात दिलेली. हे आईला आठवायला पाहिजे होतं. नाही आठवलं. आणि पारावर बसणारी दोन-चार उडाणटप्पू पोरं होती, त्यांनी ओढ्यापलीकडनं शिट्टीला शिट्टी द्यायला सुरुवात केली. सिंधूला हसू यायचं. मला भीती वाटायची, आणि भीतीपेक्षा राग यायचा, की ह्या भाड्यांना फुकट येतंय आणि मला येत नाही!

एक दिवस आप्पा अवेळी घरी आले. त्यांनी गोठ्यामागनं शिट्टी ऐकली, आले ते हातात चाबूक घेऊनच. सिंधू त्यांची चाहूल लागताच वैरणीमागं सटकली होती. आरशापुढं चंबू करून उभी मी. आप्पांनी हात उचलला आणि आई पळत आली, "अवं तोंडावर नगा मारू! पट्ट्या हायत आत! तुळशीच्या लग्नाला दावायचीय!"

आप्पांनी तोंड सोडलं. पाठ धरली. सिंधू वैरणीमागं बसून होती, तिच्या परकराचा काठ मला दिसत होता. मी काही बोलले नाही. धाकटी होती, मार तिला सोसायचा नाही, असं वाटलं. मला तरी तोवर सोसायची सवय झाली होती.

आणि त्यानंतर चारेक दिवसांत शिट्टी आली. पाठीवरचे वळ अजून ओले होते, मी चिडूनच फुंकलं, आणि डाव्या ओठात मुंगी चावल्यासारखं झालं आणि बारीक आवाज निघाला. गोठ्यातल्या म्हशीनं कान हलवला. मी आरशात बघितलं. परत मारली. आता लांब आली. ओठ दोन्हीकडनं सारखा गोल झाला होता. मी हसले, आणि आरशातली बाई पूर्ण हसली! सिंधूनं मला उचलून गरागरा फिरवलं. दोघी शेणात पडलो. "आली गं माझी आक्का, आली परत!" असं ती ओरडत होती आणि मी तिच्या गळ्यात पडून मोठ्यानं रडत होते. त्या रडण्यात सुद्धा तोंड वाकडं झालं नाही, बघा.

तुळशीचं लग्न झालं आणि पाव्हणे आले. अनसाबाई, तिचा भाऊ आणि जालिंदर. मी सुपारीतली हिरवी साडी नेसले. मधल्या सोप्यात घोंगडं अंथरलं होतं. बाया स्वयंपाकघराच्या दाराशी, तिथंच आई, सिंधू आणि गोदाकाकूही. ती बोलावल्याशिवाय येते, हे सांगायला नको.

"हास," अनसाबाई म्हणाली.

मी हसले. अनसाबाईचा भाऊ म्हणाला, "आरं वा! आक्के, दुरुस्त झालं की गं!"

अनसाबाई एवढ्यावर ऐकणारी बाई नव्हती. तिनं भाकरीचा कडक पापुद्रा आणायला लावला. मी सगळ्यांदेखत चावून गिळला. मग चूळ भरून धरायला लावली. तिनं एक पान खाऊन संपवलं तोवर मी पाणी तोंडात धरून उभी होते, थेंब सांडला नाही. मग उठून स्वतः स्वयंपाकघरात आली. चुलीत विस्तव विझत आला होता. "फुक." मी फुंकणी घेतली आणि फुंकलं. जाळ भप्पकन वर आला. नांदायला येणाऱ्या पोरीला एवढंही यायला नको का, असं ती गोदाकाकूला म्हणाली, आणि गोदाकाकूनं "व्हय तर!" म्हणून मान हलवली.

मी जालिंदरकडं बघितलं. तो माझ्याकडंच बघत होता. ओठातल्या ओठात हसत होता. मला वाटलं, झालं. संपले भोग.

परत सोप्यात येऊन अनसाबाईनं मांडी घातली.

"पाव्हणं, पोरगी पसंत हाय. एकच कानावर आलंय, त्येवढं खरं-खोटं करून टाका. तुमच्या घरातनं दुपारच्याला शिट्ट्या येत्यात म्हनं. आन् वड्यापल्याडनं पोरं जाब देत्यात म्हनं."

आप्पांचा चेहरा पांढरा पडला. आईनं पदर तोंडाला लावला.

"कोण मारतंय?" अनसाबाईनं विचारलं. "घरात तरण्या पोरी दोनच हायत."

मी सिंधूकडं बघितलं. ती चौकटीला टेकून उभी होती आणि तिचा खालचा ओठ थरथरत होता. त्या शिट्ट्या तिच्या होत्या. माझी शिट्टी येऊन आठवडा झालेला, आणि ती ओढ्यापलीकडं जाण्याइतकी मोठीही नव्हती. पण तिचं नाव घेतलं असतं तर तिला तालुक्यात कुणी विचारलं नसतं. माझ्याकडं तरी कारण होतं. मिरजेच्या डॉक्टरांचं कारण! औषधाची कसली लाज?

"मी मारत होते," मी म्हटलं. "दवाखान्यात सांगितलंय. ओठासाठी. शिट्टी आली म्हणूनच हसता येतंय."

अनसाबाईनं माझ्याकडं बघितलं. आणि काय सांगू, तिचा चेहरा मऊ झाला. लेकीशी बोलावं तशी बोलली.

"असं व्हय? औषीद हाय म्हन की. मग त्यात लपवाया काय झालं, बाळ? मार की. आमालाबी ऐकू दे, मिरजेच्या डाक्टरनं काय औषीद दिलंय ते."

आप्पा म्हणाले, "राहू द्या, इहीनबाई."

"न्हाई, न्हाई. गुनाचंच हाय ते. जालिंदर, ऐक रं. तुझी बायकू केवढी सोसून बरी झालीया."

'तुझी बायको' म्हणाली ती. जालिंदरनं वर बघितलं. मी त्याच्याकडं बघून ओठ गोल केले आणि शिट्टी मारली. जीव ओतून मारली. सिंधूच्या तोडीची आली, पहिल्यांदाच. सरळ, लांब, एकसारखी. गेले सहा-सात महिने माझ्या तोंडात ज्यांनी ज्यांनी तार, सुया, काड्या घातल्या होत्या, त्या सगळ्यांना ऐकू जावी अशी. आणि शिट्टी संपायच्या आत ओढ्यापलीकडनं जाब आला. दुसरी शिट्टी. मग तिसरी.

अनसाबाई उठली.

"झालं," ती म्हणाली. "ऐकलं समद्यांनी. हिचं तोंड बरं झालंय खरं, पण आमच्या उंबऱ्यासाठी न्हाई, चावडीसाठी बरं झालंय. असलं तोंड वाकडंच बरं हुतं. निदान झाकून तरी ऱ्हायली असती."

"अवं डाक्टरनं सांगितलं हुतं!" आई ओरडली. "चिठ्ठी दाखवू का?"

"डाक्टरनं शिट्टी मारायला सांगितली. पोरांना बोलवायला त्यानंच सांगितलं का?"

आप्पांनी डोक्यावरची टोपी काढून तिच्या पुढ्यात घातली. मोठं खटलं सांभाळलेला माणूस, कुणापुढं मान वाकवली नव्हती. "इहीनबाई, पदरात घ्या पोरीला. गावात तोंड दावायला जागा ऱ्हायची न्हाई." मला तर टोपीकडं बघवेना. मी जालिंदरकडं बघत राहिले. अनसाबाईच्या भावानं त्याला विचारलं, "तुझं काय म्हणणं हाय रं, जालिंदर?"

तो घोंगडीचा धागा काढत होता. "आई म्हणंल तसं," म्हणाला.

बास. मोसंबीच्या बिया काढणारा माणूस, बोटानं बिया काढण्यापुरताच धीराचा निघाला. मला रडू आलं नाही.

पाव्हणे उठले. चपला घालायला लागले, आणि तेव्हा अनसाबाईचा भाऊ खाकरला. "आक्के, येवढं लांबनं आलोय. सोयरीक मोडून गेलं तर दोन्हीकडं बोलत्याल. धाकटी हाय की. वयानंबी बसती."

अनसाबाई थांबली. तिनं दाराकडं बघितलं, तसं सगळ्यांनी दाराकडं बघितलं.

"हिकडं ये गं," ती सिंधूला म्हणाली.

सिंधू पुढं आली. अनसाबाईनं तिची हनुवटी उचलली. गोल गाल, सरळ ओठ, बत्तीस दात.

"खरं सांग. तुला येती का गं शिट्टी?"

मला वाटलं, आता बोलेल. वैरणीमागं लपली होती तेव्हा पोर होती. आता तरी बोलेल. 'माझीच होती हो शिट्टी, आक्काला सोडा,' असं म्हणेल. मी तिच्याकडं डोळे लावून उभी होते. आईनं माझ्या मनगटाला घट्ट धरलं, पदराखालनं, नखं रुतेपर्यंत. आईला सगळं ठाऊक होतं. गोठ्यामागं आम्हाला पाणी आणून द्यायची ती.

सिंधूनं मान खाली घातली. "न्हाई," म्हणाली. आणि खाली घातलेल्या मानेनंच एकदा जालिंदरकडं बघून घेतलं.

ते बघणं मी बघितलं. बाकी कुणी नाही. आजवर मी तिच्या न बोलण्याला भीती समजत होते. भीती होतीच, नाही म्हणत नाही. पण त्या बघण्यात भीती नव्हती.

मी तोंड उघडलं होतं. आईचं नख मनगटात होतं आणि तिचा आवाज कानाशी, "एक तरी जाऊ दे गं माझी. एक तरी उजवू दे." मी बोलले असते तर दोघी घरात बसलो असतो. नाही बोलले तर एक. असला हिशोब आईच करू शकते. मी तोंड मिटलं.

आप्पांनी टोपी उचलून डोक्यावर घातली. "दिली," म्हणाले.

घटकेत घराचा रंग पालटला. मघाशी चावडीची भाषा करणारी अनसाबाई मांडी घालून आईशी मानपानाचं बोलायला लागली. गोदाकाकू चहाला आधण ठेवायला धावली. मला आत नेऊन ती हिरवी साडी सोडायला लावली आणि ती सिंधूला नेसवली, सुपारीतली साडी तीच, नवी कुठनं आणायची! मला आईचं जुनेर दिलं. सिंधू साडी नेसताना माझ्याकडं बघत नव्हती. निऱ्या तिला जमत नव्हत्या. मीच घालून दिल्या.

लोक मला आजही विचारतात, तुझं लग्न का नाही झालं. विट्यात माझी खानावळ आहे, रोज साठ-सत्तर पानं उठतात, तोंड माझं चांगलं चालतं, कुणाला दबत नाही. मी म्हणते, "माझं झालं होतं की. साडी नेसून झाली, नवरा दाखवून झाला, फक्त नांदायला दुसरी गेली." लोक हसतात. हसू देत.

सिंधूला घोंगडीवर बसवून कुंकू लावलं. मग साखर आली. सोयरीक ठरली की पोरीनं सगळ्यांचं तोंड गोड करायचं, ही रीत. सिंधू वाटी घेऊन उठली. आप्पांना दिली, अनसाबाईच्या भावाला दिली, गोदाकाकूला दिली. जालिंदरला देताना तिचा हात लाजला. मी दाराशी भिंतीला टेकून उभी होते, आणि मला वाटलं, मला वगळतील. तेवढी तरी दया करतील.

"थोरलीलाबी दे गं," अनसाबाई म्हणाली. "तिचंबी तोंड गोड हुंद्या. पाया पड तिच्या."

सिंधू माझ्यापुढं आली. वाकली, पायाला हात लावला, उठली. चिमूट भरली. तिचे डोळे भरून आले होते. "आक्का," ती हळूच म्हणाली, "आ कर."

मी आ केला. मोठा केला, तिची दोन्ही बोटं आत जातील एवढं. आणि मी चावले.

सगळ्या ताकदीनं चावले. वरचे दात खालच्या दातांवर अगदी नेमके बसले, मिरजेच्या डॉक्टरांनी बसवले तसे, मधे तिचं बोट. कानाच्या मुळाशी कळ आली नाही. जबडा वाजला नाही. साखर विरघळली आणि मग खारट लागलं. मला त्याचं तेव्हा वाईट वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. मी फक्त वाट बघत होते. ओरड, म्हणत होते मनात. एकदा ओरड. आक्का चावली म्हणून तरी तोंड उघड.

सिंधूच्या डोळ्यांतनं पाणी घळाघळा गालावर आलं. बोट तिनं ओढलं नाही. मीच दात सोडले.

"काय गं, रडायला काय झालं?" अनसाबाईनं विचारलं.

सिंधूनं मूठ मिटून हिरव्या पदराखाली घेतली.

"काय न्हाई, आत्याबाई," ती हसून म्हणाली, आणि दुसऱ्या हातानं साखरेची वाटी उचलून तिच्याकडं गेली.